कान दाबून बसलेलं मूल

कुकरची शिट्टी झाली की स्वमग्न मूल कान दाबून किंचाळतं आणि घरातले त्याला हट्टी ठरवतात. तो हट्ट नसतो. पंख्याची घरघर, कॉलरमागचं टोचणारं लेबल आपला मेंदू नकळत मागे ढकलतो. अनेक स्वमग्न व्यक्तींना मात्र हे सगळं एकदम, पूर्ण जोरानं जाणवत राहतं. उलटही घडतं: खरचटलेलं पटकन कळत नाही, गरगर फिरण्याची किंवा घट्ट दाबाची ओढ लागते. एकाच मुलात दोन्ही असू शकतं. स्वतः स्वमग्न असलेल्या अमेरिकी शास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांनी तरुणपणीच स्वतःला हवा तेवढा दाब देणारं यंत्र बनवलं होतं. अमेरिकी निदानपुस्तिका डीएसएमच्या निकषांत हे संवेदनांचं वेगळेपण आलं २०१३ साली, फार उशिरा. ‘सवय होईल’ म्हणून मुलाला ढोल-ताशासमोर उभं करू नका. कान झाकणारे हेडफोन द्या, आणि त्याला नको वाटलं की लगेच तिथून निघा.