स्मार्टफोनचा अतिवापर व मानसिक आरोग्य

झोप, अभ्यास, काम किंवा कौटुंबिक संबंध बिघडत असल्याचे जाणवूनही फोनच्या वापरावर ताबा न राहणे, यास स्मार्टफोनचा अतिवापर म्हणतात. फोन किती तास हाती असतो यापेक्षा तो बाजूला ठेवता येतो की नाही, ही त्याची महत्त्वाची कसोटी होय.

वर्गीकरण

बोलीत 'मोबाइलचे व्यसन' हा शब्दप्रयोग रूढ असला, तरी वैद्यकशास्त्राने त्यास स्वतंत्र आजार मानलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे आजारांचे अकरावे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात गेमिंग विकाराचा समावेश आहे. स्मार्टफोनच्या व्यसनाचा नाही. अतिवापराचे मोजमाप करणारी एक प्रश्नावली २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी प्रसिद्ध केली.

सवय जडण्याची प्रक्रिया

बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित असल्यास वर्तन अधिक चिवट बनते, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसून आले. फोन उघडल्यावर कधी हवाहवासा संदेश मिळतो, कधी काहीच नसते. या अनिश्चिततेमुळेच तो पुनःपुन्हा पाहिला जातो, असे स्पष्टीकरण दिले जाते.

परिणाम

सर्वांत थेट परिणाम झोपेवर होतो. रात्री फोन पाहताना झोपेची वेळ पुढे ढकलली जाते, मजकुरामुळे मन उत्तेजित राहते आणि पडद्याचा निळसर प्रकाश झोपेशी निगडित मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती मंदावू शकतो. अपुऱ्या झोपेमुळे चिडचिड वाढते व एकाग्रता घटते. अतिवापर करणाऱ्यांमध्ये चिंता व नैराश्याची लक्षणे अधिक प्रमाणात आढळल्याचे अनेक पाहण्यांत नोंदवले आहे. फोन जवळ नसल्यास वाटणाऱ्या अस्वस्थतेस 'नोमोफोबिया' म्हणतात.

कार्यकारणभावाविषयी मतभेद

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही. एकाकी वा खिन्न व्यक्ती विरंगुळ्यासाठी फोनकडे वळते, अशी उलट दिशाही संभवते. एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात, किशोरवयीनांच्या मानसिक स्वास्थ्यातील तफावतीपैकी फार तर ०.४ टक्के तफावतीचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी आढळला. ही सरासरी असल्यामुळे एखाद्या विशिष्ट मुलाला होणारा त्रास तीवरून नाकारता येत नाही. तसेच केवळ फोन काढून घेतल्याने मूळ दुःख दूर होईलच असे नाही. त्याची स्वतंत्र विचारपूस आवश्यक ठरते.

भारतातील उपाययोजना

बंगळूर येथील निम्हान्स या संस्थेने २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी विशेष उपचारकेंद्र सुरू केले. महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सामूहिक उपक्रम हाती घेतला. सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजल्यावर दीड तास घरोघरी मोबाइल व दूरचित्रवाणी बंद ठेवून तो वेळ अभ्यास, वाचन व संवादासाठी द्यावा, असे ठरले. मुलांबरोबर मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवणे, हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य होय.