पिल्लांत नर किती, तलंगा किती?

ऊस विकास अधिकाऱ्याने कोंबडीच्या पिल्लांवर लिहावे, हे काहींना गमतीचे वाटेल. पण बेण्याच्या आणि खताच्या गोष्टी उरकून आम्ही निघालो, की घरातली बाई डालगे उघडून हटकून विचारते, "साहेब, ह्यात तलंगा किती निघतील?" उसाचे बिल घरधन्याच्या नावावर जमा होते, अंड्यांचा पैसा मात्र तिच्या हातात राहतो.

टोकदार अंड्यातून नर व गोलसर अंड्यातून मादी निघते, हे खरे नाही. पिल्लाला पाय धरून उलटे टांगण्याची परीक्षाही तशीच. नर की मादी हे अंडे घालण्यापूर्वीच ठरलेले असते, आणि ते ठरते कोंबडीकडून. माणसात मात्र ते बापाकडून ठरते. (मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे!)

पिल्लाच्या गुदद्वारातील बारीक उंचवटा पाहून लिंग ओळखण्याची विद्या १९२० नंतरच्या दशकात जपानमध्ये पुढे आली. ते सरावलेल्या माणसांचे काम. एक दिवसाच्या पिल्लाच्या पोटात अजून बलक असतो. दाब चुकला की पिल्लू गेलेच. घरी हा उद्योग करू नये.

काही संकरांत रंगावरून कळते. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि लाइट ससेक्स कोंबडी यांची मादी पिल्ले तांबूस, नर फिकट पिवळे. जोडी उलट केली की ही खूण जाते. काही जातींत पहिल्या एक-दोन दिवसांत मादीच्या पंखाची मोठी पिसे वरच्या पिसांहून लांब दिसतात. आपल्या गावठी पिल्लांत यातल्या कशावरही भिस्त ठेवू नये.

गावठीला थांबावेच लागते. दीड महिन्याच्या सुमारास नराचा तुरा मोठा व लालसर होऊ लागतो, पायही जाड दिसतात. तरी शंका राहतेच. अडीच-तीन महिन्यांनी मानेवरची आणि शेपटीच्या बुडाजवळची पिसे पाहा: नराची अरुंद, टोकदार, चकचकीत, तलंगेची टोकाला गोल. ही खूण सहसा चुकत नाही.

बाजारात "सगळ्या माद्याच हायेत" म्हणून स्वस्तात रंगवलेली पिल्ले विकली जातात, तिथे सावध राहावे. अंड्यांच्या जातीतले नर उबवणी केंद्राला नकोसे असतात. तेच पुष्कळदा असे बाजारात येतात. ते अंडी तर देत नाहीतच, अंगही फारसे धरत नाहीत. एक दिवसाच्या माद्या घ्यायच्याच असतील तर केंद्रातूनच घ्याव्यात आणि पावतीवर "मादी" असे लिहून घ्यावे. नाहीतर दोन पैसे जास्त गेले तरी तीन महिन्यांच्या तलंगाच घ्याव्यात.

घरच्या खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर धरूनच चालावे. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. बाकीचे आखाडाच्या बेताने वाढवून विकावेत. तेव्हा गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक दारात येते.

आम्हाला पिल्ले दाखवायची असतील तर सकाळी डालग्यातून सोडण्यापूर्वी दाखवावीत. सुटलेल्या पिल्लांमागे धावणे आता आमच्याच्याने होत नाही.