रक्तशुद्धीच्या खोलीतील अशुद्ध हात

सुरतेचे नाव 1994 च्या सप्टेंबरात जगभर गेले ते प्लेगच्या भयाने. पुढच्याच वर्षी महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी स्वच्छता आणि अधिकाऱ्यांची रोजची फेरी या साध्या साधनांनी त्या शहराचा कायापालट घडविला. रोगाशी लढा औषधाइतकाच शिस्तीने जिंकला जातो, हा सुरतेचा धडा होय. तो रस्त्यावरून रुग्णालयाच्या आत कितपत पोहोचला, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

पर्वत पाटिया, लिंबायत, उधना या भागांत कापडधंद्याच्या आश्रयाने खानदेशातून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. अशा घरातील कर्त्या पुरुषाची मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे डायलिसिस हाच त्याच्या जगण्याचा आधार. आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक खेपेस सुमारे चार तास, त्याचे रक्त देहाबाहेर शुद्ध करून परत घातले जाते. जेथे रक्त शुद्ध व्हायचे, तेथेच शेजाऱ्याच्या रक्तातील हिपॅटायटिस सी चा विषाणू त्याच्या देहात शिरावा, याहून क्रूर विसंगती कोणती? हा धोका एकट्या सुरतेचा नव्हे. पणजीपासून मुंबईपर्यंत जेथे डायलिसिसच्या खाटा आहेत, तेथे तो आहेच.

दोष बहुधा यंत्राच्या माथी मारला जातो. वस्तुतः विषाणू वाहून नेतो तो माणसाचा हात. एका रुग्णाची सुई काढलेले हातमोजे न बदलता दुसऱ्याला लावलेला हात, अनेकांसाठी उघडलेली हेपॅरिनची एकच बाटली, खाटेखाटेशी फिरणारी औषधांची गाडी, खुर्चीच्या हातावर सुकलेला, डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा थेंब. त्यात हा विषाणू कित्येक दिवस जिवंत राहू शकतो. म्हणूनच 2018 सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी हिपॅटायटिस सी साठी वेगळे यंत्र राखण्यापेक्षा हातांच्या शिस्तीवर भर दिला. बाधिताला वाळीत टाकून खोली निर्धोक होत नाही. नव्या बाधिताच्या रक्तात प्रतिपिंडे दिसू लागण्यास कित्येक आठवडे लागतात. तोवर तो निरोगीच गणला जातो.

निष्काळजीपणाची किंमत गुजरातने 2009 साली मोजली आहे. मोडासा परिसरात वापरलेल्याच सुया पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बी पसरला आणि अनेकांचे प्राण गेले. सी वर आज औषध आहे; राष्ट्रीय कार्यक्रमातून 2018 पासून ते विनामूल्य मिळते, आणि साधारण बारा आठवड्यांत बहुतेक रुग्ण बरे होतात. पण बरा झालेला रुग्ण त्याच खुर्चीवर परततो, आणि एकदा बरे झाल्याने पुन्हा लागण होण्यापासून संरक्षण मिळत नाही. औषध वाटणे आणि हात न धुणे म्हणजे एका दाराने चोर हाकलून दुसरे दार उघडे ठेवणे होय.

हा रुग्ण तक्रार तरी कशी करणार? परवा त्याला त्याच परिचारिकेपुढे हात पुढे करायचा असतो. परिचारिकेलाही आम्ही एकटीला दोषी धरणार नाही. एकीच्या माथी अनेक खाटा देणारी व्यवस्था तिला हात धुण्याइतकीही उसंत ठेवत नाही. म्हणून जबाबदारी शासनाची आणि रुग्णालयचालकांची. पुरेशा परिचारिका, इंजेक्शने भरण्यासाठी वेगळी जागा, प्रवेशाच्या वेळी व दर सहा महिन्यांनी प्रत्येकाची तपासणी, आणि एक जरी नवी लागण आढळली तरी तिची तत्काळ चौकशी, एवढे झालेच पाहिजे. जो नाइलाजाने आपले सारे रक्त आपल्या स्वाधीन करतो, त्याचा विश्वासघात होऊ नये, एवढीच आमची मागणी आहे.