चारशे किलोमीटरला पंधरा तास

सकाळी नऊला येरमाळ्यातल्या एका आडत दुकानाच्या काट्यावर निळी बॅग चढते. 24 किलो 600 ग्रॅम. चालतात 23. आई चेन उघडून शेंगाचटणीचा डबा काढते, जरा थांबते, तो परत ठेवते आणि मुलाची जाड जीनपॅन्ट काढते. पुन्हा काटा. 23.4. मग कडक भाकरींची अर्धी चळत हातातल्या पिशवीत जाते.

पोरगं न्यूयॉर्कला निघालंय. विमान मुंबईहून रात्री दोनचं, म्हणजे तारीख उद्याची. घरातल्या तिघांनी ती तीनदा तपासलेली.

अकराला येडेश्वरीचं दर्शन घेऊन गाडी बार्शीकडे लागते. कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, पुणे, मग घाट. अंतर साधारण चारशे किलोमीटर. रस्त्याचे आठ-नऊ तास, जेवण, पुण्याच्या गर्दीसाठी राखून ठेवलेला वेळ, शिवाय विमानतळावर तीन-चार तास आधी हजर. चाकं धावपट्टी सोडतात तेव्हा घर सोडून पंधरा तास झालेले असतात. पुढच्या साडेबारा हजार किलोमीटरला सोळा.

हिशेबाला पक्के असलेले वडील साडेबारा हजाराला ताशी नऊशेने भागतात. चौदा येतात. वरचे दोन तास गेले कुठे?

काही अंशी वाऱ्यात. दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरकस प्रवाह वाहतात. जाताना ते सामोरे, येताना पाठीशी. म्हणून परतीचा प्रवास सुमारे चौदा तासांत उरकतो. समोरच्या वाऱ्यात सायकल मारलेल्याला हे वेगळं सांगायला नको. एअर इंडियाने ऑक्टोबर 2016 मध्ये याच वाऱ्याचा फायदा उचलला. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला अटलांटिकवरून 13,900 किलोमीटर पडत. विमान उलट्या अंगाने, प्रशांत महासागरावरून नेलं, 15,300 किलोमीटर, आणि ते साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर पोचलं. लांबची वाट जवळची ठरली!

साडेबारा हजार हा आकडाही भिंतीवरच्या नकाशात सापडत नाही. त्यासाठी शाळेतला पृथ्वीगोल हवा. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक दाबून दुसरं न्यूयॉर्कवर ताणलं, की दोरा सरळ पश्चिमेला न जाता वर सरकतो: मॉस्कोजवळून, नॉर्वे आणि आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून खाली. सगळ्यात जवळची वाट हीच. प्रत्यक्ष विमान मात्र दोऱ्याबरहुकूम उडत नाही. वारा, हवामान आणि कुणाचं आकाश उघडं आहे, यावर त्या दिवशीचा मार्ग ठरतो. दोरा मुंबईतून निघाल्यावर काही अंतराने पाकिस्तानात शिरतो, आणि एप्रिल 2025 मध्ये ते आकाश भारतीय विमानांना बंद झालं. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना त्याचा फटका जास्त बसला. मुंबईची विमानं निदान अरबी समुद्रावरून वळू शकतात.

मुलाला सोडून आईवडील रातोरात परततात. दिवस उजाडल्यावर घरी. वडील झोपतात, आई धुणं काढते. जीनपॅन्ट घडी घालून कपाटात जाते.

संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर फोन वाजतो. तिथे त्याच तारखेची सकाळ, उन्हाळ्याच्या घड्याळाने साडेआठ.

"उतरलो."

"बॅग आली का?" वडील विचारतात.

आई फोन हातात घेते. "आणि भाकरी? मोडल्या नाहीत ना?"