अनुस्वाराचा ठिपका आणि सपाट पडदा

मुद्रितशोधनाचे काम ज्याने वर्षानुवर्षे केले आहे, त्याला देवनागरी लिपीचा एक स्वभाव पुरता ठाऊक असतो, आणि तो असा की, या लिपीत अर्थाचा केवढा तरी भार अगदी लहानशा खुणांवर तोललेला असतो. शिरोरेषेत किंचित खंड दिसला-न-दिसला एवढ्यावरून 'म' आणि 'भ' यांची ओळख ठरते. 'त्यांचा' या शब्दावरचा अनुस्वार गळला, तर ज्या थोर पुरुषाविषयी आपण आदराने लिहीत होतो, तो त्याच वाक्यात एकेरीवर येतो. आणि रफार कोणता व अनुस्वार कोणता, हे नजरेला चटकन उमगले नाही तर चांगला वाचकही अडखळतो. खिळ्यांची जुळणी होती तेव्हा या खुणा शिशात ओतलेल्या असत आणि बोटाला लागत. पुढे जुळणी संगणकावर आली, कच्ची मुद्रिते कागदावर काढण्यापूर्वी पडद्यावरच तपासण्याची वहिवाट पडली, आणि आमच्या कामाचे यशापयश आम्ही ज्या काचेकडे पाहत होतो त्या काचेच्या गुणावगुणांवर अवलंबून राहू लागले. जुना फुगीर मॉनिटर जाऊन सपाट पडदा आला, या घटनेकडे पुष्कळ जण केवळ टेबलावरची जागा मोकळी झाली एवढ्याच दृष्टीने पाहतात. परंतु मराठी वाचणाऱ्या डोळ्यांच्या बाजूने पाहिले, तर खरा फेरफार जाडीत नसून अक्षर उमटण्याच्या रीतीत झालेला आहे, आणि तो समजून घेतला नाही तर नव्या पडद्याचा निम्मा लाभ पदरात पडत नाही.

पुण्याच्या शनिवार पेठेतल्या ज्या छापखान्यात मी काम करीत असे, तेथे २००७ सालापर्यंत १७ इंची जुना मॉनिटर होता. १७ इंची म्हणायचे, पण नळीचा काही भाग चौकटीखाली झाकला जात असल्यामुळे प्रत्यक्ष दिसणारी काच जेमतेम १६ इंचांची भरे. वजन १७ किलो. तो हलवायचा म्हणजे एकाने पोटाशी धरावा आणि दुसऱ्याने तारा सांभाळाव्या. सकाळी सुरू करताना आतून 'ठण्ण' असा आवाज येई आणि चित्र क्षणभर थरथरून स्थिर होई. काचेजवळ हात नेला तर मनगटावरची लव उभी राही, आणि दुपारपर्यंत काचेवर धुळीचा इतका पातळ पण इतका चिकट थर बसे की, तो पुसल्यावाचून ऱ्हस्व-दीर्घ तपासणे धोक्याचे ठरे.

या पेटीचे मूळ १८९७ सालात आहे. जर्मन पदार्थवैज्ञानिक कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी त्या वर्षी निर्वात काचनळीत ऋणकिरणांचा झोत हवा तसा वळवून चमकणाऱ्या पडद्यावर रेघ उमटवून दाखविली, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे दूरचित्रवाणीने व संगणकाने तिच्यावरच आपला संसार चालविला. नळीच्या मागच्या निमुळत्या मानेत तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात. रंगीत नळीत सुमारे २५,००० व्होल्टच्या दाबाने ते पुढे खेचले जातात, आणि त्या दाबामुळे त्यांना येणारा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे तीन-दशांश असतो. मानेभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांतील चुंबकीय बल या झोताला डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली नेते, वाटेत बारीक भोकांची धातूची जाळी तीन झोतांना आपापल्या रंगाचा ठिपका दाखविते, आणि काचेच्या आतल्या अंगाला लावलेली तांबडी, हिरवी व निळी प्रकाशक भुकटी आघात होताच उजळते. ७६८ ओळींचे चित्र सेकंदाला ८५ वेळा काढायचे म्हणजे त्या झोताला एका सेकंदात ६५ हजारांहून अधिक आडव्या रेघा ओढाव्या लागत. मनुष्याने घडविलेल्या यंत्रांत इतके वक्तशीर आणि इतके अविश्रांत कष्ट करणारी यंत्रे थोडी असतील, आणि ही नळी भंगारात निघाली म्हणून तिच्या कर्तबगारीला उणेपणा येत नाही.

मात्र या रीतीतच तिचे व्यंग होते. भुकटीचा ठिपका उजळतो आणि झोत पुढे सरकताच विझू लागतो; म्हणजे आपण ज्याला स्थिर पान समजतो, ते पान कोणत्याही एका क्षणी बव्हंशी काळोखातच असते आणि आपली दृष्टी त्याचे तुकडे सांधून घेते. जुन्या पडद्याचे छायाचित्र काढले तर त्यावर काळे आडवे पट्टे येत, ते यामुळेच. पुष्कळ कचेऱ्यांत हे मॉनिटर सेकंदाला ६० वेळांवरच चालत राहिले. वर ट्यूबलाइट, समोर पांढरे शुभ्र पान, आणि संध्याकाळी कपाळ ठणकू लागले की दोष वयाला किंवा चष्म्याला दिला जाई. तोच आकडा ८५ केला तर पुष्कळांना आराम पडे, ही गोष्ट सांगणारे कोणी भेटले नाही.

सपाट पडद्याचा जन्म मात्र प्रयोगशाळेतल्या एका कोड्यातून झाला. १८८८ साली प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनित्झर यांना कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ दोनदा वितळताना आढळला : १४५.५ अंशांना त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो द्रव एकाएकी नितळला. मधली ती गढूळ अवस्था म्हणजे द्रवाप्रमाणे वाहणारी आणि तरीही स्फटिकाप्रमाणे रेणूंची दिशा सांभाळणारी अशी पदार्थाची एक स्वतंत्र अवस्था आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो लेमान यांनी ओळखले, आणि 'द्रवस्फटिक' ही संज्ञा रूढ झाली. ऐंशी वर्षे हा विषय जवळजवळ कुतूहलापुरताच राहिला. १९६८ मध्ये अमेरिकेतील आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांनी द्रवस्फटिकाचा पडदा जाहीर केला. थोड्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये शाट आणि हेल्फ्रिख यांनी रेणूंना पीळ देण्याची युक्ती काढली. आणि १९७३ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठाचे जॉर्ज ग्रे यांनी घरातल्या साध्या तापमानाला टिकून राहणारे द्रवस्फटिक तयार केले. त्यानंतर मनगटावरचे घड्याळ, खिशातले गणकयंत्र आणि अखेरीस टेबलावरचा मॉनिटर, अशा पायऱ्यांनी हा पदार्थ आपल्यापर्यंत आला.

यात एक दुवा आपल्या देशातलाही आहे. १९७७ साली बंगळूरच्या रमण संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, द्रवस्फटिक होण्यासाठी रेणू काडीसारखे लांबटच असले पाहिजेत असे नाही, चकतीसारख्या चपट्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात. (ताऱ्यांच्या अंतरंगाचा अभ्यास करणारे नोबेल-विजेते चंद्रशेखर ते वेगळे.) पुढे अशाच चकतीसारख्या रेणूंचा पातळ पापुद्रा सपाट पडद्यांवर बसविण्यात आला, आणि त्यामुळे बाजूने पाहिले असता चित्र फिके पडण्याची तक्रार बरीच कमी झाली. आपल्या शाळांतून हे नाव मुलांच्या कानांवर पडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या पडद्याची रीत जुन्याच्या अगदी उलट. येथे काहीही 'काढले' जात नाही. मागे सतत जळणारा दिवा असतो, पूर्वी बारीक नळीचा आणि आता एलईडीचा. त्याच्यापुढे दोन काचांच्या मध्ये काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा द्रवस्फटिकाचा थर. आणि दोन्ही बाजूंना प्रकाशाला एकाच पातळीत जाऊ देणारे, परंतु परस्परांशी काटकोनात बसविलेले पापुद्रे. अशा दोन पापुद्र्यांतून एरवी प्रकाश पार होऊ नये. पण सर्वांत साध्या प्रकारच्या पडद्यात मधले रेणू जिन्यासारखे वळत गेलेले असल्यामुळे ते प्रकाशाची पातळी वळवून त्याला बाहेर पडू देतात, आणि विजेचा दाब मिळताच रेणू उभे राहून वाट बंद करतात. प्रत्येक ठिपक्यामागे त्याचा स्वतःचा ट्रान्झिस्टर पहाऱ्यावर असतो, आणि पुढचा हुकूम येईपर्यंत ठिपका आहे तसाच राहतो. म्हणून पान लुकलुकत नाही.

नवा पडदा आला आणि त्याची मांडणी नीट बसली, तेव्हा मुद्रिते तपासण्याचे भिंग मी दोन्ही पडद्यांना लावून पाहिले. जुन्या काचेवर रंगांचे ठिपके त्रिकोणी मांडणीत होते आणि अक्षराचा काठ त्यांच्यातून कसाही, कोठूनही गेलेला होता, जणू ओल्या कागदावर शाई पसरावी तसा. नव्यावर तांबडी, हिरवी, निळी अशा उभ्या पट्ट्यांची चौकट रेखीव होती, आणि 'कं'वरचा अनुस्वार आपल्या घरात नेमका बसलेला होता. ज्याच्याजवळ भिंग नसेल त्याने ओलसर बोटाने पाण्याचा बारीकसा शिंतोडा पडद्यावर उडवावा. त्या थेंबाखाली पांढऱ्या पानाचे तिन्ही रंग वेगवेगळे दिसतात. थेंब लगेच टिपून घ्यावा, कडेला ओघळू देऊ नये.

आता हिशेब. आमच्या जुन्या पडद्यावर १०२४ गुणिले ७६८ ठिपके १६ इंचांत पसरलेले, म्हणजे एका इंचात सुमारे ८०. नव्या १७ इंची पडद्यावर १२८० गुणिले १०२४, म्हणजे इंचाला सुमारे ९६. छपाईतले १२ पॉइंटचे अक्षर म्हणजे इंचाचा सहावा हिस्सा. पडद्यावर ते खऱ्या आकारात पाहिले, तर पूर्वी त्याच्या वाट्याला १३ ठिपक्यांची उंची येई आणि आता १६ ठिपक्यांची येते. रोमन अक्षराला तेरा ठिपके कसेबसे पुरतात. देवनागरीला मात्र तेवढ्याच उंचीत वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, मध्ये शिरोरेषा व अक्षराचा देह, आणि खाली उकार अशी तीन मजल्यांची वस्ती बसवावी लागते. अनुस्वाराला त्यात एक, फार तर दोन ठिपके मिळतात. तो एक ठिपका फिसकटला की अनुस्वार गेलाच. तीन ठिपक्यांची वाढ ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण आमच्या धंद्यात तीच निर्णायक ठरली.

तरीही पहिले तीन आठवडे आम्हाला हा लाभ मिळाला नाही. ज्या दुकानदाराने पडदा आणून जोडून दिला, त्याने संगणकावरची जुनी मांडणी तशीच ठेवली होती : संगणक १०२४ गुणिले ७६८ चेच चित्र पाठवीत होता आणि पडदा ते आपल्या १२८० गुणिले १०२४ घरांत ताणून बसवीत होता. आडव्या चार ठिपक्यांची वाटणी पाच घरांत आणि उभ्या तीन ठिपक्यांची चार घरांत. मग प्रत्येक काठ करडा आणि प्रत्येक 'ठ' किंचित उंचावलेला दिसणार नाही तर काय होईल? 'जुनाच बरा होता' असा सर्वांचा अभिप्राय पडू लागला आणि पडदा परत करण्याची तजवीज चालली होती. जुळणी करणाऱ्या एका मुलीने सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलला, आणि पान एकदम कोरून काढल्यासारखे दिसू लागले. जुन्या नळीला स्वतःची अशी ठरलेली घरे नसल्यामुळे ती कोणताही आकडा निमूटपणे चालवून घेई. सपाट पडद्याला मात्र कारखान्यातूनच ठरून आलेले एकच रेझोल्यूशन मानवते, आणि ते मॉनिटरच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. अक्षर मोठे हवे असेल तर अक्षराचा आकार वाढवावा, रेझोल्यूशन उतरवू नये. आजही ग्रंथालयांतून, शाळांतून आणि सहकारी पतसंस्थांतून मी असे ताणलेले, करडे पडदे पाहतो, तेव्हा तेथल्या कारकुनांच्या डोळ्यांची मला काळजी वाटते.

खरेदीच्या वेळी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. पुढे रुंद पडद्यांची लाट आली, तेव्हा १३६६ गुणिले ७६८ हा आकडा फार स्वस्त व फार प्रचलित झाला. रुंदी वाढली, पण उंची जुन्या मॉनिटरइतकीच राहिली. चित्रपट पाहणाऱ्याला ते सोईचे, परंतु पुस्तकाचे पान उभे असते. लेखन-वाचनाचे काम करणाऱ्याने निदान १०८० ओळींचा पडदा घ्यावा, आणि स्टँडवर उभा फिरवता येणारा मिळाला तर उत्तमच. जोडणीसाठी निळ्या टोकाची जुनी पंधरा पिनांची केबल चालते, पण डीव्हीआय किंवा एचडीएमआयची सोय असेल तर तीच वापरावी, कारण तीत प्रत्येक ठिपक्याचा आकडा जसाच्या तसा पोचतो. कारखान्यातून आलेला उजेड बहुधा भलताच प्रखर असतो. तो खोलीतल्या कागदाच्या पांढरेपणाइतका उतरवावा.

जुन्या नळीचा काळा रंग अधिक गडद होता आणि हलते चित्र तिच्यावर अधिक स्वच्छ दिसे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. छायाचित्रांचे काम करणारे तिला शेवटपर्यंत सोडत नव्हते, ते उगाच नव्हे. विजेच्या बाबतीत मात्र तुलनाच नाही. जुन्याला सुमारे ८० वॅट लागत, नंतरच्या एलईडी पडद्याला सुमारे २०. रोज आठ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका टेबलामागे १४४ युनिट वाचतात.

राहता राहिला जुना मॉनिटर. तो आम्ही सहा वर्षे माळ्यावर ठेवला, कारण भंगारवाला त्याचे काय करील हे आम्ही पाहिले होते : मानेवर हातोडा मारायचा, वेटोळ्यांतले तांबे काढून घ्यायचे आणि काच नाल्यात लोटायची. नळीत इलेक्ट्रॉन थडकून क्ष-किरण निघतात, ते अडविण्यासाठी मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत शेकडा वीसहून अधिक शिशाचे ऑक्साइड मिसळलेले असते. शिवाय नळी निर्वात असल्यामुळे फुटताना तिच्या काचा उसळतात, आणि बंद करून ठेवलेल्या नळीतही विजेचा भार शिल्लक राहू शकतो. सुरुवातीच्या सपाट पडद्यांतल्या दिव्याच्या नळ्यांतही पारा असतो, म्हणून तेही उघडू नयेत. १ मे २०१२ पासून ई-कचऱ्याचे नियम देशात अंमलात आले आणि अशा वस्तू अधिकृत केंद्राकडेच सोपविण्याचे बंधन आले. नियम पुढे २०१६ मध्ये व २०२२ मध्ये नव्याने केले गेले. तरी शाळांच्या व वाचनालयांच्या अडगळीत अजून हे मॉनिटर पडून आहेत, कारण जडवस्तू-नोंदवहीत त्यांचे निर्लेखन करून घेण्याची खटपट कोणी करीत नाही आणि निर्लेखनावाचून वस्तू हलवता येत नाही. आमचा मॉनिटर २०१३ च्या उन्हाळ्यात टेम्पोने रवाना झाला. जाण्यापूर्वी भुकटीचे ते त्रिकोणी ठिपके पुन्हा एकदा पाहावे म्हणून मी तो जोडून सुरू केला. 'ठण्ण' असा आवाज आला, चित्र थरथरले आणि स्थिर झाले. पान 'कं'चेच उघडले होते.