ग्रह दूरचे, मोजमाप शिवारातले

प्रबंधाचा विषय विचारला की भूशास्त्राचा विद्यार्थी हौसेने सांगतो, ‘मंगळावरचे पाणी’. हा काही विषय नव्हे. त्यात माणसांची हयात गेली आहे. वर्षभरात आणि बेताच्या खर्चात ज्याचे हो किंवा नाही असे उत्तर मिळू शकते, असा प्रश्न म्हणजे विषय. असोद्याहून रोज जळगावला शिकायला जाणाऱ्या मुलालाही असा प्रश्न सापडू शकतो, कारण ग्रहांच्या भूशास्त्राशी खानदेशाचे नाते जुने आहे.

१८४३ साली एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या परिसरात, मानेगाव येथे उल्का पडली. ब्रिटिश म्युझियमचे नेव्हिल स्टोरी-मास्केलाइन यांनी १८७०च्या सुमारास तिच्यातल्या खनिजांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही उल्का डायोजेनाइट जातीची. असे दगड ‘वेस्टा’ या लघुग्रहाच्या कवचातून निखळून आले असावेत, असे आज मानले जाते. २०११-१२ मध्ये ‘डॉन’ यानाने वेस्टाभोवती फिरून या मताला बळ दिले. मानेगावचा दगड मात्र थोडाच उरला आहे आणि तोही संग्रहालयांत. विद्यार्थ्याला त्याचा तुकडा मिळणे कठीण, म्हणून हा विषय मोहक असला तरी बाजूला ठेवावा.

याच मास्केलाइन यांच्या नावाने ‘मास्केलिनाइट’ ओळखले जाते. प्रचंड आघाताने फेल्डस्पारची जी काच बनते, ती ही. बिहारमधील शेरघाटी येथे १८६५ साली पडलेल्या उल्केत ती प्रथम ओळखली गेली, आणि ती उल्का मंगळावरची असल्याचे पुढे मानले गेले. तीच काच बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या बेसाल्टमध्येही मिळाली. १९७३ साली फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये लोणार हे आघातविवर असल्याचे पुरावे मांडले, तेव्हा ज्वालामुखीचा जुना तर्क मागे पडला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्टमध्ये कोरलेले आहे, आणि मंगळाचा बराच पृष्ठभागही बेसाल्टचाच. म्हणून जगभरचे अभ्यासक तिथे येतात. विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे पाच लाख सत्तर हजार. हा वाद आकर्षक खरा, पण तो सोडवायला महागडी प्रयोगशाळा लागते. शिवाय लोणार अभयारण्य आहे. परवानगीवाचून तिथला दगड उचलता येत नाही.

मग उरते काय? धुळे-नंदुरबारचे डाइक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला, त्या काळात भेगांत घुसून थिजलेल्या दगडाच्या या उभ्या भिंती. भोवतालचा खडक झिजला तिथे त्या लांबलचक धारेसारख्या वर राहिल्या. हेतु शेठ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये २१० डाइकचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यातला सर्वांत लांब सुमारे ७९ किलोमीटरचा आहे, आणि बहुतेकांची दिशा साधारण पूर्व-पश्चिम.

मंगळावरही डाइक असल्याचे मानले जाते. तिथे त्यांची जाडी मोजायची तर ती यानाने टिपलेल्या चित्रांवरूनच. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरच्या ‘सीटीएक्स’ कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका सुमारे सहा मीटरचा असतो, म्हणजे दहा मीटर जाडीचा डाइक जेमतेम दोन ठिपक्यांत मावतो. त्यात कडेला साचलेले दगडगोटे तो आहे त्याहून जाड भासवतात. हे मोजमाप कितपत चुकते, हे मंगळावर जाऊन कोण पाहणार? साक्री तालुक्यात मात्र पाहता येते.

माझ्या मते खानदेशातल्या विद्यार्थ्याने हाच विषय घ्यावा. एखादा डाइक निवडावा. उपग्रहचित्र सहा मीटरच्या ठिपक्यांइतके भरड करून त्यावर जाडी मोजावी, मग टेप आणि होकायंत्र घेऊन त्याच जागी प्रत्यक्ष मोजावी. दोन आकड्यांतला फरक उताराप्रमाणे बदलतो की कडेच्या दगडगोट्यांप्रमाणे, हे तपासावे. मंगळाची चित्रे नासाच्या संग्रहातून फुकट मिळतात. शेतमालकाला विचारून बांधावरून चालावे, आणि पेरणीआधी काम उरकावे.

फरक नगण्य निघाला तर मंगळावरच्या आकड्यांवरचा भरवसा वाढेल. मोठा निघाला तर ते सुधारावे लागतील. दोन्ही उत्तरे उपयोगाची असणे, ही विषय चांगला असल्याची खूण. मार्गदर्शकाकडे जाताना ग्रहाचे नाव सांगू नये. काय मोजणार आणि ते कशाशी ताडणार, एवढेच सांगावे.