दीड फुटातली जगबुडी

गंज विकत मिळतो. परदेशी रंगकंपन्या तो बोटाएवढ्या डबीत भरून विकतात. डब्यांवर ‘जुना गंज’, ‘ताजा गंज’ अशी नावं असतात आणि किंमत वाचली की आपलाच रंग उडतो. मीही हौसेने चार डब्या आणल्या होत्या. मग दिवाळीच्या तोंडावर घरात तुळशीवृंदावनासाठी आणलेला गेरू समोर आला आणि डोक्यात उजेड पडला. गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा आणि गंजाचाही त्याचाच. पाव किलो गेरूत माझी सगळी जगबुडी रंगून झाली, वर रांगोळीखाली सारवायलाही उरला.

ही जगबुडी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. माणसं एकदाची निघून गेली. रोगाने, युद्धाने, पाण्याने, कारण कोणतंही धरा. मागे राहिलेल्या रस्त्यांचं, पुलांचं, गाड्यांचं पुढच्या पन्नास-शंभर वर्षांत काय झालं, ते टेबलावर मावेल एवढ्या देखाव्यात दाखवायचं. परदेशातले हौशी लोक याला ‘पोस्ट-अपोकॅलिप्टिक डायोरामा’ म्हणतात. डायोरामा हा शब्द दागेरने १८२२ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या चित्र-प्रकाशाच्या खेळावरून रुळला. तोच दागेर, ज्याचं नाव पुढे फोटोग्राफीच्या इतिहासात गेलं. आपल्याला शब्द नवा असला तरी काम जुनंच. दिवाळीत जिन्याखाली दगड-विटा रचून, त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं टाकून, अळीव नाहीतर मोहरी पेरून पोरं जो किल्ला उभा करतात, तो डायोरामाच. फक्त तो कायम नांदता असतो. बुरूज शाबूत, दरवाज्यात मावळे, वर महाराज. पडका किल्ला करणारं पोर मी अजून पाहिलेलं नाही. हीच पोरं सहलीला जातात ते किल्ले मात्र बहुतेक पडकेच असतात.

माझ्या देखाव्यासाठी मी जागा निवडली ती औंढ्याची. लोणावळ्याहून लोहगडाकडे निघालं की हे गाव लागतं. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग इथूनच जातो. अपघातांच्या बातम्यांतून ‘औंढे पुलाजवळ’ हे शब्द आपण इतक्यांदा वाचलेत की गाव न पाहिलेल्यालाही पूल ओळखीचा वाटतो. आणि पूर्वेच्या अंगाला लोहगड-विसापूरची जोडी. या जोडीसाठीच मी औंढ्यावर बोट ठेवलं.

दोन्ही गड शेजारी, एकाच काळ्या दगडाचे, एकच पाऊस खाणारे. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि लगेच लोहगडही त्यांच्या हाती आला. विसापूरचे दरवाजे त्यांनी सुरुंग लावून उडवले. लोहगडाचे मात्र वाचले. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, चारही आज पाहायला मिळतात. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात लोहगड आहे, विसापूर नाही. देखावा करणाऱ्याला याहून चांगली शाळा मिळायची नाही. माणसाने मोडलेलं आणि पावसाने मोडलेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुंगाने उडालेल्या दगडांच्या कडा धारदार असतात आणि ते लांबवर फेकले जातात. पाण्याने, मुळांनी सुटलेला दगड आपल्या वजनाने घसरतो आणि भिंतीच्या पायथ्याशीच साठतो, त्याच्यावर माती, मातीवर गवत. नवशिक्याच्या देखाव्यात विटांचे तुकडे मूठभर घेऊन भुरभुरलेले असतात, चिवड्यावर शेव टाकावी तसे. पूल का पडला, हे आधी ठरलं नसलं की असं होतं.

माझा पूल पावसाने पडला आहे. पडला म्हणजे एक कठडा आणि स्लॅबचा कोपरा गेला आहे; पूर्ण पाडला की तो पूल होता हेच कळत नाही.

इथे एक भांडण सांगतो. या छंदातले निम्मे देखावे वाळवंटातले असतात. तांबडी माती, भेगाळलेली जमीन, पत्रे ठोकलेली मोटार. हे ‘मॅड मॅक्स’ चित्रपटांचं देणं, विशेषतः १९८१ च्या दुसऱ्या भागाचं. ऑस्ट्रेलियात ते शोभतं. पण आपल्याकडची मुलंही तेच करतात आणि खाली ‘मुंबई, २१००’ अशी पाटी लावतात! लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुण्यात त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. या पावसात वाळवंट कुठून येणार? आपली जगबुडी हिरवी असणार. युक्रेनमधलं प्रिप्यात शहर चेर्नोबिलच्या स्फोटानंतर, २७ एप्रिल १९८६ ला रिकामं केलं. तिथल्या रस्त्यांवर आज झाडं वाढली आहेत. तेवढं लांबही जायला नको. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज चर्चच्या उघड्या भिंतींतून झाडांची मुळं उतरताना पाहा. अमेरिकेतल्या लोरी निक्स या कलावतीने ओसाड शहराचे छोटे देखावे महिनोन्‌महिने खपून घडवले आणि त्यांची छायाचित्रं काढली. तिच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या मधून झाडं उभी आहेत. आपल्याला जवळचं आहे ते हे.

आता कामाकडे. प्रमाण मी १/७२ घेतलं. मोठं हवं असेल तर १/३५, त्यात साडेपाच फुटी माणूस पावणेपाच सेंटिमीटरचा होतो आणि बुटाची नाडीसुद्धा रंगवावी लागते. कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. तिथली रेल्वे १/८७ ची. तिथे सिग्नल चालतात, दिवे लागतात, सगळं वेळेवर. आमचं बरोबर उलट. द्रुतगती मार्गाचा एक पदर पावणेचार मीटर धरला तर १/७२ ने तो पाच सेंटिमीटरच्या किंचित वर येतो. दीड फूट बाय एक फुटाच्या पाटावर सहा पदर बसत नाहीत, म्हणून मी एकाच बाजूचे तीन घेतले.

रस्ता सिमेंटचा, म्हणजे चौकोनी फरश्यांचा. त्यांच्या सांध्यांत आधी धूळ साठते, मग गवत. हा रस्ता मी सनबोर्डाचा केला. पूल आधी थर्माकोलचा केला होता. आतून स्प्रेचा प्रायमर मारला आणि पूल डोळ्यांदेखत विरघळला. स्प्रेमधलं द्रावक थर्माकोल खातं हे मला ठाऊक होतं, पण घाईत आठवलं नाही. दुसरा पूल सनबोर्डावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर देऊन केला. अर्धवट वाळल्यावर टोकदार सुईने भेगा काढल्या. पूर्ण वाळल्यावर काढायला गेलं की ढलपे उडतात, जे हवं तिथे कधीच उडत नाहीत.

काँक्रीट कसं मरतं, ते थोडं समजून घ्यायला हवं, कारण सगळं रंगकाम त्यावर उभं आहे. पाणी भेगेतून आतल्या सळईपर्यंत पोचतं. सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून तो आतून काँक्रीटला ढकलतो आणि वरचा थर फुगून गळून पडतो. म्हणजे तांबडा ओघळ नेहमी उघड्या पडलेल्या सळईखाली किंवा भेगेखाली सुरू होणार आणि खाली जाताना पातळ होत जाणार. मध्येच, कारणाशिवाय, गंजाचा डाग येत नाही. सळया मी जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारांच्या केल्या, गेरू फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवून त्यांना लावला.

रंग नेहमी फिकट ते गडद आणि परत फिकट असा जातो. आधी राखाडी. मग काळपट तपकिरी रंग चहाइतका पातळ करून सगळीकडे सोडायचा. तो खाचांत जाऊन बसतो. वाळला की ब्रश जवळजवळ कोरडा करून, फिकट रंग कडांवरून नुसता फिरवायचा. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडनने १९७०-८० च्या दशकांत ही रीत घरोघरी पोचवली. अमेरिकेतल्या शेप पेन यांचं १९८० चं डायोरामावरचं पुस्तक आजही शिकणाऱ्यांना दिलं जातं. गोष्ट आधी, रंग नंतर, हे त्यांचं सांगणं.

पुलाखाली एक एसटी उभी केली. पंधरा सेंटिमीटरची, प्लास्टिकच्या पत्र्याची. इथेही मी आधी चुकलो. सगळ्या बसवर गेरू फासला आणि ती छान दिसू लागली. मग लक्षात आलं, जुन्या एसटीचा सांगाडा लोखंडी, पण वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा. तो तांबडा गंजत नाही. लाल रंग उन्हाने फिका गुलाबी होईल, पापुद्रे सुटतील आणि खालून दिसेल तो मळकट चंदेरी पत्रा. तांबडेपणा फक्त चाकांना, खालच्या चासीला आणि लोखंडी स्क्रूच्या खाली. सगळं धुऊन पुन्हा रंगवलं. पापुद्र्यांसाठी मिठाची युक्ती आहे. चंदेरी रंग वाळला की ओल्या ब्रशने जाडं मीठ ठिकठिकाणी चिकटवायचं, वरून लाल रंग, आणि तो वाळल्यावर मीठ घासून काढायचं. मीठ निघतं तिथून पत्रा उघडा पडतो, आपल्या हातापेक्षा जास्त बेशिस्त आणि म्हणून जास्त खरा. टायर मात्र शाबूत ठेवले, फक्त हवा गेलेले. रबर सहजी जात नाही.

हिरवळीला पैसे लागत नाहीत. वाळवलेला चहाचा चोथा म्हणजे पाचोळा. काथ्याचे तुकडे म्हणजे वाळकं गवत. भांडी घासायची हिरवी घासणी कुस्करली की घाणेरीची झुडपं होतात, आणि मोकळी सोडलेली बेवारस जमीन घाणेरी आणि रानमोडी आधी बळकावतात हे मावळात कुणाला सांगायला नको. वाळक्या घोसाळ्याच्या आतली जाळी सोडवून पुलावरून लोंबती सोडली, त्या वेली. पिंपळ मात्र वेगळा करावा लागतो. पक्ष्याच्या विष्ठेतून बी येतं, ते मातीत नव्हे तर भेगेत, कठड्याखाली, पाणी मुरतं तिथे रुजतं. म्हणून माझा पिंपळ रस्त्यावर नाही, पुलाच्या पोटाला आडवा उगवलेला आहे. मुळं ज्यूटच्या सुतळीचे धागे सोडवून, फेव्हिकॉलमध्ये बुडवून भिंतीवर चिकटवली. शेवाळ पश्चिमेकडच्या बाजूला जास्त, कारण पावसाचं तोंड तिकडून.

एवढं झाल्यावर देखावा हिरवागार दिसत होता आणि तरी खोटा. दोन दिवस कळेना. मग मे महिन्यात औंढ्यात गेलो. सगळं पिवळं, जिथे वणवा लागून गेला तिथे काळं. मावळातला हिरवा रंग काही बारमाही नाही. जूनमध्ये कोवळा, श्रावणात गच्च, भाद्रपदात सोनकीने पिवळा, दिवाळीनंतर गवताची टोकं वाळतात आणि शिमग्यापर्यंत डोंगर भुरा होतो. परदेशी पुस्तकं सांगतात, देखावा कोणत्या सालातला ते ठरवा. आपल्याला महिनाही ठरवावा लागतो. मी ऑक्टोबर घेतला. गवताच्या टोकांना पातळ पिवळा ब्रश दिला, सांध्यांतलं पाणी आटवलं, चिखल वाळून भेगाळू दिला. पुलाखालची सावलीची पट्टी मात्र हिरवीच ठेवली, तिथे ओल टिकते.

राहिले गड. औंढ्यापासून लोहगड पाच किलोमीटर धरला तरी १/७२ ने तो ६९ मीटर दूर ठेवावा लागेल, म्हणजे माझ्या खोलीतून सोसायटीचं फाटक ओलांडून पुढे. म्हणून मागचा पुठ्ठा रंगवला. दूरचे डोंगर निळसर आणि फिके, कडा पुसट. लोहगडाची विंचूकाटा नावाची सोंड लांब, विसापूरचं पठार सपाट आणि रुंद. दोन्ही गडांना मी काहीच केलं नाही. त्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं आणि माझ्या शंभर वर्षांनी त्यात ओरखडाही वाढणार नव्हता.

दिवाळीत शेजारचा मुलगा पाहायला आला. बराच वेळ वाकून पाहत होता. त्याच्या किल्ल्यासाठी आणलेला एक मावळा खिशात होता, भाला घेतलेला, सहा सेंटिमीटरचा. मी चहा आणायला आत गेलो तेवढ्यात त्याने तो पुलावर उभा केला. हिशेब केला तर त्या मावळ्याची उंची सव्वाचार मीटरच्या वर भरते, एसटीहून उंच. काढून टाकावा असं दोन-तीनदा मनात आलं. मुलाने तो विसापूरकडे तोंड करून ठेवला आहे.